एअर फिल्टरच्या या चुका टाळा, नाहीतर इंजिन खोलायची पाळी येते

दसरा झाला की सोयाबीन मळायला निघतं, मागोमाग पऱ्हाटी फुटते आणि पांदणीवर चाकाची रिम बुडेल एवढा फुफाटा साचतो. मग गॅरेजात एकच तक्रार सुरू होते: "भाऊ, गाडी ओढूनच नाही राहिली." एक्सपल्स असो, हिमालयन असो की कोणाकडे जपून ठेवलेली इम्पल्स, मोटरसायकल कुठलीही असो, मी आधी इंजिनात जाणारी हवा गाळणाऱ्या एअर फिल्टरचा डबा उघडतो. बिघाड बहुतेकदा धुळीने केलेला नसतो. मालकाने घरी केलेल्या साफसफाईने केलेला असतो.

सगळ्यात लाडकी चूक म्हणजे पंक्चरवाल्याकडे नेऊन फिल्टरला हवा मारणे. ज्या कॉम्प्रेसरने ट्रकचे टायर भरतात, त्याची नळी फिल्टरच्या घडीदार कागदाला टेकवायची आणि धूळ उडाली की खूश व्हायचं. त्या दाबाने घड्यांच्या मुळाशी कागद फाटतो. ती चीर नुसत्या डोळ्याने दिसत नाही. अंधारात आतून टॉर्च लावली तरच दिसते. हवा मारायचीच असेल तर आतून बाहेर, हातभर लांबून, दाब कमी करून. आणि कागद हाताला तेलकट लागत असेल तर तेवढंही नको. असा तेल लावलेला कागदी फिल्टर साफ करायचा नसतोच. भरला की फेकायचा, नवा टाकायचा. "पण दोनदा चालवता येते ना?" असं विचारणारे रोज भेटतात. नाही येत.

दर रविवारी फिल्टर काढून झटकणारेही आहेत. कागदावर धुळीचा पातळ थर बसला की तो उलट बारीक धूळ जास्त अडवतो, आणि दर वेळी डबा उघडला की थोडी धूळ आत सांडतेच. पाहा जरूर, पण उगाच हात लावू नका.

आता माझा खरा राग. फिल्टर स्वच्छ आहे की नाही हे सगळे पाहतात. तो नीट बसला की नाही हे कोणी पाहत नाही.

मागच्या हंगामात घाटंजीकडच्या एका पोराची गाडी आली. निळा धूर, ऑइल सारखं कमी होणं, चढावर दम नाही. फिल्टर काढला तर नवा कोरा. पोरगा म्हणे, "फिल्टरचा विषयच नाही भाऊ, आताच टाकला. पेट्रोलातच भेसळ असन." मी फिल्टर बाजूला ठेवला आणि डब्यातून इंजिनकडे जाणाऱ्या रबरी नळीत बोट फिरवलं. बोटावर काळपट लेप आला, चिमटीत चोळला तर कचकच. फिल्टरच्या पलीकडे धूळ लागली की समजायचं, ती कुठूनतरी वळसा घालून जाते आहे. नीट पाहिलं तर झाकणाचा खालचा स्क्रू गायब, आणि त्याच कोपऱ्यात फिल्टरची रबरी कड आत दुमडलेली. साहेबांनी रात्री मोबाइलच्या उजेडात बसवला होता, सकाळी लग्नाला जायचं होतं म्हणून. हेड, ब्लॉक उतरवला तर बोअरवर, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो त्या नळकांड्याच्या आतल्या भिंतीवर, उभ्या रेघा आणि पिस्टनच्या रिंगा घासून गेलेल्या. धुळीत गारगोटीची बारीक वाळू असते, ती ओतीव लोखंडापेक्षा कठीण. ऑइलात मिसळली की व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखं काम करते. एका स्क्रूपायी ब्लॉक, पिस्टन, रिंगा, सगळं बदलावं लागलं.

म्हणून माझी सवय अशी: स्पंजचा फिल्टर असेल तर कडेला ग्रीसचा पातळ हात द्यायचा, फिल्टर बसवायचा आणि लगेच परत काढायचा. डब्याच्या काठाची रेघ ग्रीसवर चहूबाजूंनी उमटली पाहिजे. जिथे तुटली, तिथून धूळ जाणार. ग्राहक म्हणतात, "बसवलेला कायले काढता?" म्हणू द्या.

स्पंजचंच निघालं म्हणून सांगतो. तो पेट्रोलने धुऊ नका. जोडाचा डिंक सुटतो आणि भडका उडायची भीती वेगळी. मी रॉकेल किंवा फिल्टर क्लीनर वापरतो, मग साबणाचं पाणी. दाबून निथळायचा, धुण्यासारखा पिळायचा नाही. वाळवायचा सावलीत. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या उन्हात टाकला तर स्पंज लवकर कडक होऊन चुरा व्हायला लागतो. पूर्ण वाळल्यावरच तेल, तेही स्पंज फिल्टरचं चिकट तेल. इंजिन ऑइल लावलं की ते ओघळून खाली जमतं, वरचा भाग कोरडा पडतो आणि धूळ तिथूनच आत शिरते. आणि थपथपून टपकेल इतकं तेलही नको, गाडीचा श्वास कोंडतो.

फिल्टर बाहेर असताना इंजिनकडच्या नळीच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा आणि डबा ओल्या कपड्याने पुसा. हवा मारून डबा साफ करणाऱ्याला माझ्या गॅरेजात काम नाही.

"मायलेज पडेल तेव्हा पाहू" म्हणणाऱ्यांनो, ते कार्बोरेटरच्या जमान्यात ठीक होतं. २०२०च्या बीएस-सहा या धुराच्या नियमांनंतरच्या इंजेक्शनच्या गाड्या हवेप्रमाणे पेट्रोल कमी-जास्त करतात. तिथे मायलेजआधी ताकद जाते.

पिकअप येतो म्हणून फिल्टरच काढून फिरणारे? त्यांच्याशी मी वाद घालत नाही, माझं घर त्यांच्यावर चालतं.

नाल्यात गाडी आडवी झाली तर सेल्फ मारू नका. आधी डबा उघडा, खालच्या नळीचं बूच काढून पाणी सोडा, फिल्टर भिजला असेल तर बदला आणि प्लग काढून इंजिनात पाणी गेलं का ते पाहा.

शेवटचं, हे पुस्तकात मिळणार नाही. गाडी कापसाच्या गंजीजवळ उभी करत असाल तर उंदीर डब्यात कापूस नेऊन घर करतो आणि स्पंज कुरतडतो. जाळी लावायची असेल तर डब्याच्या हवा घेणाऱ्या तोंडाला तारेची लावा, कापडाची लावली तर तीही खातो.