पेट्रोल कॉकची गळती: जुन्या मोटरसायकलवर काम करताना या चुका टाळा

हीरो होंडाची सीडी १००, यामाहाची आरएक्स १००, जुनी स्प्लेंडर, येझदी किंवा बुलेट अशी पंचवीस-तीस वर्षांची मोटरसायकल ज्यांनी जपून ठेवली आहे, त्यांना टाकीखालच्या पेट्रोल कॉकची, म्हणजे टाकीतले पेट्रोल चालू-बंद करणाऱ्या तोटीची, गळती कधी ना कधी भेटतेच. हे काम अवघड नाही, त्यासाठी लागणारे सामानही महाग नाही. तरीही यात चुका फार होतात, आणि त्यांतल्या बहुतेकांचे मूळ एकच असते. गळती नेमकी कुठून आहे हे ठरण्याआधीच हात पान्याकडे जातो.

पेट्रोल पाण्यासारखे एका जागी साचून राहत नाही. ते कॉकच्या अंगावरून घरंगळते, नळीच्या कडेने उतरते आणि वाटेत उडूनही जाते. त्यामुळे थेंब जिथून पडताना दिसतो, तिथे दोष असेलच असे नाही. कॉकच्या तळाशी ओल दिसली म्हणून गाळ साचणारा तळाचा कप घट्ट केला जातो, आणि गळती मात्र वर टाकीच्या जोडावरून चालू असते. जुन्या गळतीच्या जागी पिवळसर तपकिरी चिकट थर बसतो. हा थर वरून खाली बघत गेल्यास ज्या उंचीवर तो सुरू होतो, तिथेच बहुधा उगम सापडतो. तरीही खात्री करण्यासाठी कॉक आणि नळी कोरड्या फडक्याने पुसावी, चिमूटभर टाल्कम पावडर सगळीकडे भुरभुरावी आणि इंजिन थंड असताना पंधरा-वीस मिनिटे वाट पाहावी. कोरड्या पांढऱ्या पावडरीत पहिली ओली रेघ जिथे उमटते, ती जागा खरी.

या तपासणीतून सहसा चारपैकी एक जागा निघते. पहिली म्हणजे टाकी आणि कॉक यांचा जोड, जिथे ओ-रिंग किंवा पॅकिंग असते. दुसरी कॉक चालू-बंद करण्याच्या दांडीभोवतीची फट. तिसरी तळाच्या कपाची रिंग. चौथी रबरी नळी आणि तिची क्लिप. नळी ही सगळ्यांत सोपी शक्यता आहे आणि तीच सगळ्यांत शेवटी तपासली जाते, हे खटकण्यासारखे आहे. नळीचे टोक बोटांत दुमडून पाहिले की उन्हाने पडलेल्या बारीक भेगा लगेच दिसतात. अशी ताठरलेली नळी ओढून काढू नये, कारण त्या ओढाओढीत कॉकचा नळीचा तोटा वाकतो किंवा तुटतो. ब्लेडने नळीला लांबीच्या दिशेने चीर द्यावी आणि ती सोलून काढावी.

कॉक बाहेरून गळत नाही, पण बंद असतानाही आत पेट्रोल सोडतो, हा प्रकार मात्र जास्त फसवा आहे. रात्रभर उभ्या गाडीखाली थेंब पडतात ते कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लो नळीतून. मग कुणी म्हणते कार्बोरेटर खराब आहे, कुणी म्हणते कॉक खराब आहे, आणि अनेकदा दोघांचेही बरोबर असते. फ्लोटची सुई, म्हणजे कार्बोरेटर भरल्यावर पेट्रोल थांबवणारी सुई, झिजलेली असेल आणि कॉकही नीट बंद होत नसेल, तर पेट्रोल रात्रभर वाहते. कॉक वेगळा तपासायचा असेल, तर नळी कार्बोरेटरच्या बाजूने काढून तिचे टोक लहान धातूच्या डब्यात सोडावे आणि दांडी ऑफवर ठेवावी. पंधरा मिनिटांत थेंबही पडला नाही, तर कॉक निर्दोष आहे आणि लक्ष सुईकडे द्यायला हवे. टाकीच्या आत कॉकला दोन वाटा असतात. ऑनसाठी उंच नळी आणि रिझर्व्हसाठी तळाजवळचे छिद्र. गळती रिझर्व्हच्या पातळीवर येऊन आपोआप थांबत असेल, तर ऑनची वाट नीट बंद होत नाही. टाकी पूर्ण रिकामी होत असेल, तर रिझर्व्हच्या वाटेवरचे रबरही गेले आहे.

दांडीवर ऑफच नसेल आणि प्राइम अशी खूण असेल, तर तो कॉक इंजिनच्या ओढीवर उघडणारा आहे. त्याच्या आतला पातळ रबरी पडदा फाटल्यास पेट्रोल बारीक व्हॅक्युम नळीतून थेट इंजिनात जाते. ती नळी काढून पाहावी. तिच्यात पेट्रोलची ओल असेल, तर पडदा बदलणे हाच उपाय आहे.

आता घट्ट करण्याबद्दल. गळती दिसली की अजून अर्धा फेरा, ही सवय सर्वाधिक नुकसान करते. कॉकचे अंग हलक्या धातूच्या ओतकामाचे असते. दोन बोल्टांनी बसणाऱ्या कॉकची चकती जास्त जोराने आवळली की बोल्टांपाशी टाकीकडे ओढली जाते आणि मधोमध टाकीपासून दूर राहते. मग रिंग नवी असली तरी मध्ये फट राहते. टाकीतले आटे गेले तर काम आणखी वाढते. बोल्ट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे, आळीपाळीने आवळावेत, आणि लहान पान्याने फक्त मनगटाचा जोर लावावा. चकती वाकली आहे का, हे सपाट काचेवर ठेवून पाहता येते. वाकली असेल तर काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून, थोडे तेल टाकून, तिचा तळ इंग्रजी आठच्या आकारात हलक्या हाताने घासावा. पूर्ण तळ एकसारखा चकाकू लागला की थांबावे. काही गाड्यांत कॉक एका मोठ्या नटाने बसतो आणि त्या नटाला एका बाजूला उलटे आटे असतात. तिथे दोन्ही बाजूंचे आटे एकाच वेळी धरले पाहिजेत, नाहीतर नट घट्ट झाल्यासारखा वाटतो पण एक बाजू अर्धवटच बसलेली असते.

एम-सील, सिलिकॉन आणि टेफ्लॉन टेप यांच्याविषयी मला ठामपणे सांगावेसे वाटते की त्यांची जागा पेट्रोल कॉकवर नाही. साधे सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगते, मऊ पडते आणि त्याचे तुकडे थेट कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रात, जाऊन अडकतात. एम-सीलचा बाहेरचा लेप काही दिवस टिकतो आणि पुढच्या माणसाचे काम दुप्पट करतो, कारण तो खरवडताना कॉकच खराब होतो. रस्त्यात अडकल्यावर साबणाची वडी चोळून गळती थोपवण्याची जुनी युक्ती गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरती ठीक होती, परंतु साबण इथेनॉलमध्ये विरघळतो आणि आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, म्हणून तिच्यावरही विसंबू नये.

इथेनॉलमुळे रबराचा प्रश्नही बदलला आहे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल आपल्याकडे टप्प्याटप्प्याने पंपांवर आले. आपल्या या जुन्या गाड्या त्याच्या कितीतरी आधीच्या आहेत. त्यांच्यातले मूळ रबर अशा पेट्रोलमध्ये फुगू शकते आणि नंतर सुकले की आकसून चिरते. इथेनॉल हवेतली आर्द्रताही शोषून घेते, आणि कोकणासारख्या दमट हवेत महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत त्यातून गंज वाढतो. म्हणून दुकानातून मिळेल ती काळी रिंग आणू नये. व्हायटॉन या पेट्रोलला टिकणाऱ्या रबराची रिंग मिळाल्यास तीच घ्यावी. रिंगच्या प्रतीबद्दल शंका असेल, तर तिच्यासारखी दुसरी रिंग रात्रभर पेट्रोलमध्ये बुडवून ठेवावी आणि सकाळी कोरड्या रिंगशेजारी ठेवून पाहावी. ती मोठी झाली असेल तर ती या कामाची नाही. जुनी रिंगही अशीच फुगलेली निघते आणि काढल्यावर स्वतःच्या खाचेत परत बसत नाही. त्यामुळे नवी रिंग घेताना जुन्या रिंगचे माप न धरता खाचेचे माप घ्यावे.

रिंग बदलली तरी गळती राहिली, असे होते तेव्हा खाच साफ झालेली नसते. जुने रबर तळाशी चिकटून राहते आणि नवी रिंग त्यावर तिरकी बसते. ते काढायला स्क्रू ड्रायव्हरचे टोक वापरू नये, कारण त्याचा एक ओरखडा कायमची गळती देऊन जातो. टोकदार केलेली बांबूची काडी आणि पेट्रोलमध्ये भिजवलेले सुती फडके पुरते.

दांडीच्या मागे दोन बारीक स्क्रूंनी बसवलेली पट्टी असेल तर कॉक उघडता येतो. आत चार छिद्रांचे गोल रबर आणि लाटेसारखी वाकवलेली पातळ स्प्रिंग सापडते. रबरावर दांडीच्या घर्षणाने अर्धगोल चर पडलेला दिसला, तर ते बदलावे. ते उलटून वापरण्याचा सल्ला दिला जातो, पण तो टिकत नाही. स्प्रिंग विसरली तर रबरावर दाब राहत नाही आणि ऑफवरही पेट्रोल झिरपते. बसवताना ग्रीस लावू नये, इंजिन ऑइलचा एक थेंब पुरेसा आहे. पट्टी रिबिटने ठोकलेली असेल, तर कॉक खोलण्याचा आग्रह न धरता पूर्ण नवा बसवावा.

मात्र नवा कॉक गंजलेल्या टाकीखाली बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. गंजाचे कण जाळीतून निसटून रबरात रुततात आणि फ्लोटच्या सुईखाली अडकतात. कॉक काढल्यावर त्याच्या जाळीवर तांबूस चिखल दिसला, तर आधी टाकी धुवावी.

हे सगळे काम मोकळ्या हवेत, इंजिन थंड असताना आणि बॅटरीची तार काढून करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि बरेच अंतर जाऊन ठिणगी गाठू शकते. इमारतीच्या बंद पार्किंगमध्ये किंवा जिन्याखाली टाकी रिकामी करणे म्हणजे सगळ्या इमारतीला धोक्यात घालणे आहे. पेट्रोल प्लॅस्टिकच्या बादलीत न काढता झाकणाच्या धातूच्या डब्यात काढावे.

काम झाल्यावर लगेच टाकी भरू नये. ऑनची उंच नळी बुडेल एवढेच पेट्रोल घालून दांडी ऑफ, ऑन आणि रिझर्व्ह अशा तिन्ही जागी काही वेळ ठेवून पाहावी. कॉक आधी बरेच दिवस झिरपत असेल, तर गाडी सुरू करण्यापूर्वी इंजिन ऑइल तपासणे अत्यंत आवश्यक आहे. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा त्याची पातळी वाढली असेल, तर ते काढून नवे भरावे. पातळ झालेल्या ऑइलवर थोडे अंतर चालवलेले इंजिनही बेअरिंग घासून घेऊ शकते. टू-स्ट्रोक गाडीत हे पेट्रोल क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या पेटीत, साचते. तिथे कॉक बंद करून, प्लग काढून, त्याची तार प्लगच्या छिद्रापासून दूर इंजिनच्या धातूला टेकवून, हळूहळू किक मारून ते बाहेर काढावे, वाफ जाईपर्यंत थांबावे आणि मगच प्लग बसवावा.