सेकंडहँड इंजिन घेताय? या चुका टाळा

स्विफ्ट किंवा डिझायर डिझेलचं इंजिन बसलं, म्हणजे निकामी झालं, की मेकॅनिक दोन रस्ते सांगतो. एक तर इंजिन खोलून बोर (पिस्टन चालतो ते भोक), क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा), हेड (वरचं झाकण) असं सगळं काम काढायचं, नाहीतर बाजारातून चालू इंजिन आणून टाकायचं. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बनवणं बंद केलं, पण रस्त्यावर त्या अजून भरपूर आहेत. त्यामुळे त्यांच्या इंजिनांना मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून दिल्लीच्या मायापुरीपर्यंत गिऱ्हाईक आहे. दुसरा रस्ता स्वस्त आणि झटपट वाटतो. तो स्वस्त पडतो की नाही, हे दुकानात उभं असताना तुम्ही काय बघता यावर ठरतं. दुकानदार चमक आणि आवाज दाखवतो. तुम्ही बाकीचं बघायला शिका. खालची उदाहरणं जास्त करून याच १.३ लिटर डिझेल इंजिनाची आहेत, पण बरंचसं कुठल्याही गाडीला लागू पडतं.

नंबर शेवटी बघणं

भाव ठरला, टेम्पो आला आणि मग कोणाला तरी इंजिन नंबर आठवला, असं सर्रास होतं. वास्तविक सुरुवात नंबरापासूनच करायची. खराब टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) बदलता येतो, खराब नंबर बदलता येत नाही. नंबर ब्लॉकवरच्या सपाट जागेवर ठोकलेला असतो. मारुतीच्या या इंजिनात त्याची सुरुवात 'डी१३ए' अशी असते. तिथला तेलकट थर पुसून काढा आणि आरटीओच्या बाहेर एजंट चेसिसचा ठसा घेतात तसा कागद लावून पेन्सिल घासा. डोळ्यांना सरळ दिसणारे आकडे कागदावर वाकडे-तिकडे, कमी-जास्त खोल उमटले किंवा आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे दिसले, तर इंजिन कितीही चांगलं वाटलं तरी निघून या. फक्त नंबराच्या जागेवर ताजा रंग असेल तरीही.

हे अति वाटत असेल तर मेरठचा सोतीगंज आठवा. चोरीच्या गाड्या फोडण्यासाठी तो बाजार इतका बदनाम झाला की डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तो बंद पाडला. चोरीच्या गाडीचं इंजिन तुमच्या बॉनेटखाली सापडलं, तर 'मला माहीत नव्हतं' हे सिद्ध करत तुम्हाला फिरावं लागतं. ज्या गाडीतून इंजिन काढलं तिचा नंबर, आरसीची प्रत किंवा स्क्रॅपचे कागद मागा. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) पोर्टलवर ती गाडी चोरीच्या नोंदीत आहे का, ते तपासता येतं. कागद 'नंतर पाठवतो' म्हणणाऱ्याला पैसेही नंतरच द्या.

आणखी एक. इंजिन बदलायचं तर आरटीओची मंजुरी लागते, आणि बदलल्यावर चौदा दिवसांत कळवून आरसीवर नवा नंबर चढवून घ्यावा लागतो. पुढे अपघात झाला की विम्याचा सर्व्हेअर आरसी आणि ब्लॉक दोन्हीकडचे नंबर जुळवून बघतो. बरेच गॅरेजवाले 'कोण बघतंय' म्हणून हा विषय उडवून लावतात. क्लेम अडकल्यावर तेच गॅरेजवाले फोन उचलत नाहीत.

स्टार्ट झालं म्हणजे चांगलं आहे असं मानणं

स्टँडवरच्या इंजिनाला बॅटरी आणि डिझेलचा कॅन जोडला, पहिल्या सेल्फला स्टार्ट, गिऱ्हाईक खूश. आधी ब्लॉकला हात लावा. कोमट जरी असला तरी तुम्ही येण्याआधी ते चालवून ठेवलंय. मग 'उद्या सकाळी येतो, तोवर चालू करू नका' असं सांगा. या इंजिनात टायमिंग चेन (क्रँक आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणारी साखळी) असते आणि तिचा टेन्शनर, म्हणजे तिला ताणून धरणारा भाग, ऑइलच्या दाबावर चालतो. चेन सैल झाली असेल तर थंड इंजिन सुरू होताना पहिल्या एक-दोन सेकंदांत खडखड ऐकू येते आणि दाब आला की गायब होते. गरम इंजिनात ती कळतच नाही. बेअरिंगचा ठोका लपवायला जाड ऑइल भरून ठेवण्याची युक्तीही जुनीच आहे.

इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढून नुसतं वर ठेवा. थोडी वाफ डिझेलमध्ये चालते. पण झाकण उडायला लागलं, धूर धक्क्याधक्क्याने फेकला जाऊ लागला किंवा डिपस्टिकच्या नळीतूनही निघाला, तर ते बॅक कॉम्प्रेशन आहे. म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा बोर गेलेत. स्टँडवर रेडिएटर जोडलेला नसेल तर एक-दोन मिनिटांपेक्षा जास्त चालवू देऊ नका, नाहीतर तपासता तपासता तुम्हीच हेड वाकवाल.

सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज लावून घ्या. पेट्रोलमध्ये साधारण १५० ते २०० पीएसआय मिळतं. डिझेलमध्ये दाब त्याच्या दुप्पट आणि वर जातो, म्हणून गेजही डिझेलचाच लागतो. आकड्यापेक्षा महत्त्वाचं हे की सगळे सिलिंडर एकमेकांच्या जवळपास हवेत. चारातला एकच दहा-पंधरा टक्क्यांहून खाली असेल तर तो का, हे कळल्याशिवाय सौदा करू नका.

चेंबर न उघडता उचलणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. इंजिन वरून डिझेलने धुतलेलं, चंदेरी रंग मारलेलं असतं. खालचा ऑइल चेंबर कोणी रंगवत नाही. आत काय आहे ते थोडे बोल्ट खोलले की दिसतं, आणि इंजिन जमिनीवरच आहे तर ते काम फार वेळाचं नाही.

चेंबरच्या तळाशी बोट फिरवून उन्हात धरा. काळं ऑइल असणारच, डिझेल आहे. पण बोटावर चमचम दिसली तर धातू झिजतोय. लोहचुंबकाला चिकटला तर लोखंडाचा. चिकटला नाही आणि तांबूस किंवा रुपेरी असला तर बहुतेक बेअरिंगचा. डांबरासारखा लगदा ऑइल पंपाच्या जाळीत अडकलेला दिसला तर आधीच्या मालकाने ऑइल वेळेवर बदललेलंच नाही आणि चेनने त्याचा त्रास नक्की भोगलाय. ऑइल फिल्टर जुनाच लावलेला असेल तर तो कापून, आतला कागद पिळून बघा. फिल्टर कोराकरकरीत असेल तर जुना कुठे गेला, असं विचारा. चेंबर उघडा असतानाच कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) हाताने हलवून बघा. बाजूला किंचित हलेल, वर-खाली अजिबात हलता कामा नये.

'सील तुटेल, गॅस्केट जाईल' म्हणून दुकानदार नको म्हणेल. गॅस्केट मेकरचे पैसे तुम्ही द्या. तरीही नको म्हणाला, तर उत्तर मिळालंच.

पाण्यातलं इंजिन न ओळखणं

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ मध्ये चिपळूण. अशा प्रत्येक पुरानंतर विम्यात 'टोटल लॉस' (दुरुस्तीपलीकडच्या) ठरलेल्या गाड्या लिलावात जातात आणि त्यांचे भाग बाजारात येतात. धुतलेल्या ब्लॉकवर काही दिसत नाही. अल्टरनेटरच्या फटीत, स्टार्टर मोटरच्या तोंडाशी आणि वायरिंगच्या पन्हळी नळीत बारीक गाळ राहतो, तिथे बघा. कनेक्टर उपटून पिनांवरचा हिरवट गंज पाहा.

चालत्या इंजिनाने पाणी ओढलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. वाकलेल्या रॉडचं इंजिनही चालतं, हीच अडचण आहे. पेट्रोल इंजिन असेल तर सगळे स्पार्क प्लग काढा, भोकातून एक सरळ लाकडी काडी सोडा आणि क्रँक हाताने हळू फिरवत पिस्टन वरच्या टोकाला आल्यावर काडीवर खूण करा. चारही खुणा एका रेषेत हव्यात. एक जरी खाली राहिली तरी तो रॉड सरळ नाही. डिझेलमध्ये यासाठी इंजेक्टर काढावे लागतात, म्हणून तिथे आधी कॉम्प्रेशनच बघा.

'तेच इंजिन आहे' यावर विसंबणं

१२४८ सीसीचं हे मूळ फियाटचं 'मल्टिजेट' नावाचं इंजिन स्विफ्टमध्ये आहे, टाटा व्हिस्टात आहे, फियाट पुंटोतही आहे. म्हणून कुठलंही कुठेही बसतं असं नाही. माउंटिंग, वायरिंग, सेन्सर वेगळे असतात. मारुतीतच स्विफ्टचं ७५ पीएस ताकदीचं आणि एसएक्स४, एर्टिगा, सियाझचं ९० पीएसचं, यांचे टर्बो वेगळे. तुमच्या जुन्या इंजिनाचे सगळ्या बाजूंनी फोटो घेऊन जा. इंजेक्टर त्या इंजिनासोबतचेच वापरणार असाल तर त्यांच्या डोक्यावरचे कोड लिहून घ्या, ते ईसीएममध्ये (इंजिनाच्या संगणकात) भरावे लागतात. आणि 'हाफ इंजिन' की 'फुल', त्यात टर्बो, पंप, अल्टरनेटर काय काय येतं, हे भाव करण्याआधी बोला.

नुसत्या तोंडी गॅरंटीवर पैसे मोजणं

पावतीवर इंजिन नंबर, तारीख आणि 'बसवून चालू झालं नाही तर बदलून किंवा पैसे परत' हे शब्द हवेत. मुदत गाडीत बसवल्यापासून मोजा, उचलल्यापासून नाही. गॅरेजवाल्याकडे आठवडा सहज जातो.

जुनं का गेलं, हे न शोधणं

जुनं इंजिन गरम होऊन गेलं असेल तर रेडिएटर, फॅन आणि थर्मोस्टॅट न बघता नवं लावलं की तेही त्याच वाटेने जातं. टर्बो फुटून गेलं असेल तर इंटरकूलरमध्ये (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीत) ऑइल आणि धातूचे तुकडे बसलेले असतात आणि पहिल्याच दिवशी ते नव्या इंजिनात ओढले जातात. इंटरकूलर उतरवून धुवा, टर्बोची ऑइल लाइन नवी टाका. इंजिन बाहेर आहे तोवरच चेनचा सेट, मागचं क्रँक सील आणि वॉटर पंपही बदलून घ्या. नंतर त्याच मजुरीत ते होत नाही.