दिवा हिरवा, तरी एरर ६९१: अमळनेरचा अनुभव

वळवाच्या पावसात वीज कडाडली नि घरच्या फायबर इंटरनेटचा राउटर गेला. नवा लावला. ओएनटीवर (फायबरची तार जिथे येते त्या डबीवर) पॉनचा, म्हणजे फायबर जोडणीचा, दिवा स्थिर हिरवा, लॉसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा बंद, म्हणजे फायबर ठीक. पण पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड देऊन होणारी नेटची जोडणी) जुळेना. लॅपटॉपवरून थेट डायल केलं तर एरर ६९१.

रीसेट केलं, केबल बदलली, पासवर्ड दोनदा नवा घेतला. चार दिवस जळगावी उन्हात चकरा मारून डोकं तापलं.

६९१ म्हणजे लाइनचा दोष नव्हे, सर्व्हरने ओळख नाकारली. ऑपरेटरच्या रेडियस सर्व्हरवर (ग्राहकांची ओळख तपासणाऱ्या) माझ्या खात्याला जुन्या राउटरचा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) बांधलेला होता, यालाच मॅक बाइंडिंग म्हणतात; वर जुनं सेशन, म्हणजे आधीचं लॉगिनही अडकलेलं. पासवर्ड बदलून काय होणार!

आधी राउटर बंद केला, नाहीतर तो सारखा डायल करत राहतो. मग ऑपरेटरला फोन करून अडकलेलं सेशन काढायला लावलं, त्यानंतर जुनं मॅक बाइंडिंगही काढायला लावलं. फोनवर ‘नेट चालत नाही’ म्हणू नका, ‘सेशन काढा, मॅक बाइंडिंग काढा’ असंच सांगा. मग राउटर चालू करून त्याच्या वॅन सेटिंगमध्ये (बाहेरच्या नेट जोडणीच्या) पीपीपीओई निवडलं, ऑपरेटरने दिलेला व्हीलॅन क्रमांक (त्याच्या जाळ्यातला आपला भाग ओळखणारा) टाकला, युजरनेम @ पुढच्या भागासकट लिहिलं (मी तोच गाळत होतो), एमटीयू (डेटाच्या एका पॅकेटचा कमाल आकार) १४९२ ठेवला. सेव्ह केलं, मिनिटाभरात आयपी पत्ता मिळाला, म्हणजे जोडणी झाली.