टॅबने विस्कटलेले रकाने: माझा अनुभव

नाशिकमधल्या एका कांदा व्यापाऱ्याला मी बाजार समित्यांचे भाव टर्मिनलवर, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, दाखवणारी स्क्रिप्ट करून दिली आहे. फाइल टॅबने विभागलेली. नावं रोमन लिपीत. येवल्याचा भाव एका जागी, लासलगावचा सरळ उजवीकडे सरकलेला. भाव वाचताना ओळ चुकली तर सौदा चुकतो, म्हणून हे तसंच सोडणं मला पटेना.

टॅब म्हणजे ठरावीक जागा नव्हे. तो पुढच्या थांब्यापर्यंत नेतो आणि थांबे सहसा दर ८ घरांवर (एक घर म्हणजे एका अक्षराची जागा) असतात. रोमनमध्ये येवला ५ अक्षरांचं, म्हणून भाव आठव्या घराशी. लासलगाव ९ अक्षरांचं, त्याचा भाव थेट सोळाव्याशी. फाइलमधला मजकूर दाखवणाऱ्या कॅट कमांडला मोठा ए पर्याय दिला की प्रत्येक टॅबजागी टोपीचं चिन्ह आणि आय दिसतो. शंका असेल तर आधी हेच बघा.

उपाय म्हणजे रकाने जुळवणाऱ्या कॉलम कमांडचा टी पर्याय. पण नुसता तेवढा देऊ नका! तो स्पेसवरही तोडतो, म्हणजे 'पिंपळगाव बसवंत' या एकाच नावातलं पिंपळगाव एका रकान्यात नि बसवंत दुसऱ्यात. सोबत एस पर्याय देऊन विभाजक फक्त टॅब आहे हे सांगायचं. बॅशमध्ये (टर्मिनलवर कमांड चालवणारा प्रोग्राम) टॅब असा लिहितात: डॉलर, मग एकेरी अवतरणात बॅकस्लॅश आणि टी.

नावं देवनागरीत हवी असतील, तर ठरावीक रुंदीत मजकूर छापणाऱ्या बॅशच्या प्रिंटएफवर विसंबू नका. तो रुंदी अक्षरांत नव्हे, बाइटमध्ये (साठवणुकीच्या एककात) मोजतो. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीमध्ये 'लासलगाव' २१ बाइटचं होतं, त्यामुळे २० रुंदी मागूनही पुढे एकही मोकळी जागा मिळत नाही.