पहिल्या उन्हाळ्याआधी माशांच्या टाक्याबद्दल

मिहानमधल्या नोकरीसाठी नागपूरला आलात, बेसा-मनीषनगरकडे घर घेतलंत, मागे आंगण मिळालं आणि मुलांच्या हट्टापायी टाकं बांधून मासे सोडलेत, तर हे होळीच्या आत वाचा. मी २००१ साली चिपळूणहून इथे आले. विहिरीच्या काठावरचं शेवाळ बघतच मी वाढले, म्हणून टाकं हिरवं झालं तेव्हा मला काही विशेष वाटलं नाही. पण आमचं तिकडचं पाणी पोफळींच्या सावलीतलं. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. तिकडची सवय इथे कामाला येत नाही.

आधी हिरवं काय आहे ते ओळखा. हात कोपरापर्यंत पाण्यात घाला. बोटं दिसत असतील तर घाबरायचं कारण नाही. थोडं हिरवं पाणी माशांना मानवतं. बोटं दिसेनाशी झाली तर शेवाळ फार झालं. मग काडी फिरवून बघा. काडीला केसांसारखे तंतू गुंडाळले गेले तर ते तंतूचं शेवाळ, हातानेच ओढून काढायचं. काडी रंगाच्या डब्यात बुडवल्यासारखी निघाली आणि वरचा थर निळसर हिरवा, कुबट वासाचा असेल, तर मात्र सावध व्हा. खात्री करायला बरणीभर पाणी रात्रभर न हलवता ठेवा. साधं हिरवं शेवाळ बहुतेक खाली बसतं, हे निळं-हिरवं वर तरंगतं. त्यातल्या काही जाती विषारी असतात. मुलांना त्यात हात घालू देऊ नका, कुत्र्याला ते पाणी पिऊ देऊ नका, आणि थर काढायचा तर हातमोजे घालूनच.

माझी चूक सांगते, कारण ती तुमच्याकडूनही होऊ शकते. या भागात कुणाचा ना कुणाचा संत्र्याचा बगीचा असतोच, त्यामुळे बोर्डो मिश्रणासाठी (झाडांवरच्या बुरशीचं औषध) आणलेलं मोरचूद सहज हाती लागतं. मोरचुदाने शेवाळ मरतं एवढं मी ऐकलं होतं. एका संध्याकाळी मूठभर टाकलं. सकाळी अकरा मासे पोट वर करून तरंगत होते. लेकीने एकेक चाळणीने उचलून मुनग्याखाली (मुनगा म्हणजे आपला शेवगा) पुरला. पाणी तेव्हाही हिरवंच होतं, फक्त त्याला सडका वास येत होता.

शेजारच्या काकाजींनी तेव्हा कारण उलगडून सांगितलं. मोरचुदातलं तांबं माशांनाही बाधतं, हे एक. पण त्याहून मोठं असं की, शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं आणि रात्री तोच ओढून घेतं, म्हणून पहाटे पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. सगळं शेवाळ एकदम मारलं तर ते कुजताना उरलासुरलाही संपतो. म्हणून औषध टाकून एका दिवसात पाणी काचेसारखं करायचा मोह टाळा. सगळं पाणी उपसून टाकं घासायचंही नको. भर उन्हात नवं पाणी आठवड्या-दोन आठवड्यांत पुन्हा हिरवं होतं.

शेवाळ ऊन आणि खतावर पोसतं, ते दोन्ही तोडा. मार्चमध्येच टाक्यावर हिरवी नेट बांधा. अर्धा पृष्ठभाग झाकेल इतकी कुमुदिनी लावा. जलकुंभी मात्र आणू नका. अंबाझरी तलावावर पसरलेला तिचा गालिचा मी पाहिला आहे. खाणं दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच, आणि तेही ऊन वर आल्यावर, पहाटे नको. मुनग्याची पिवळी पानं रोज जाळीने काढा. लॉनला टाकलेलं खत पहिल्या पावसात वाहून टाक्यात येणार नाही, असा उतार ठेवा. आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदला. नळाचं असेल तर क्लोरीन उडून जायला ते एक दिवस उघड्या ड्रममध्ये ठेवा.

आणि कूलरचं उरलेलं पाणी टाक्यात सोडू नका. आपण बाहेरची माणसं पाणी वाया जाऊ नये म्हणून नेमकं हेच करतो. दिवसभर वाफ होऊन त्यात क्षार साठलेले असतात, शिवाय डासांसाठी कुणी रॉकेलचे थेंब टाकलेले असतात.

नवतप्याच्या दिवसांत (मे अखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस) मी पाचला उठून टाक्याशी जाते. मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा गिळत असतील तर काकाजी कुंपणापलीकडून ओरडतात, “मासोया वर येऊन राहिल्या ना, हवा लावा आधी!” एअर पंप रात्री चालू हवा, बरेच जण तो दिवसा लावतात आणि झोपताना बंद करतात. तो इन्व्हर्टरवरच जोडून घ्या, कारण उन्हाळ्यात वीज रात्रीही जाते. तेही नसेल तर बादलीने टाक्यातलंच पाणी हातभर उंचावरून पुन्हा टाक्यात ओतत राहा. मी एकदा पाऊण तास ओतलं, तेव्हा मासे खाली गेले.