इजिप्तची ग्रुप टूर आणि नाइल क्रूझ: या चुका टाळा

इजिप्तच्या टूरचं माहितीपत्रक आपण कसं वाचतो? पिरॅमिड आहेत ना, अबू सिंबेल आहे ना, क्रूझ किती रात्रींची, जेवण भारतीय मिळणार का. नावं जुळली की पैसे भरून मोकळे. पहाटे किती वाजता उठायचंय हे मात्र कोणी विचारत नाही, आणि या टूरमधल्या निम्म्या कुरबुरी तिथूनच सुरू होतात.

क्रूझ म्हणजे आराम, असं समजणं

अस्वान ते लक्सॉर ही नेहमीची तीन रात्रींची क्रूझ घ्या. पहिल्या दिवशी दुपारी बोटीवर चढायचं, जेवून लगेच फिले मंदिर. दुसऱ्या दिवशी अबू सिंबेल. ते अस्वानपासून जवळपास २८० किलोमीटर आहे, बसने जायला तीन-साडेतीन तास आणि यायला तेवढेच. म्हणून गाडी पहाटे चारच्या सुमारास सुटते आणि नाश्ता हातात खोक्यात मिळतो. दुपारी परत आलात की बोट हलते, संध्याकाळी कोम ओम्बोचं मंदिर. तिसऱ्या दिवशी सकाळी सहा-सातला एदफूचं मंदिर. चौथ्या दिवशी केबिन सोडायची, आणि लक्सॉरची बलून राइड घेतली असेल तर पुन्हा पहाटे चारला बॅग बांधून तयार. त्यानंतर व्हॅली ऑफ द किंग्जमधली राजांची थडगी, कर्नाकचं मंदिर आणि रात्रीचं विमान.

साठीच्या पुढच्या माणसाला हे जड जातं. तरुणांनाही जातं, ते बोलत नाहीत इतकंच.

उपाय साधे आहेत. पैसे भरण्याआधी कंपनीकडून रोजच्या निघण्याच्या वेळा लेखी मागा. 'अंदाजे' चालेल, पण आकडा हवा. अबू सिंबेल आणि बलून यांपैकी एकच जमणार असेल तर अबू सिंबेल घ्या. बलून वाऱ्यावर अवलंबून असतं आणि ऐनवेळी रद्द होऊ शकतं. अबू सिंबेल मात्र चुकवण्यासारखं नाही. अस्वान धरणाच्या पाण्यात बुडू नये म्हणून १९६४ ते १९६८ या काळात अख्खा डोंगर कापून ते देऊळ सुमारे ६५ मीटर वर नेऊन पुन्हा उभं केलं आहे. लक्सॉरहून अस्वानला जाणारी चार रात्रींची क्रूझ मिळत असेल आणि पैशांत फार फरक नसेल तर डोळे झाकून ती घ्या.

आणखी एक गोष्ट. दिवसाउजेडी बोट सलग चालते असे तास मोजकेच असतात. कोम ओम्बोकडे जातानाची दुपार आणि एदफू ते एस्ना हा टप्पा. खजुराची झाडं, म्हशी, काठावर कपडे धुणाऱ्या बायका, मागे एकदम सुरू होणारं वाळवंट, हे सगळं तेव्हाच दिसतं. नेमके त्याच वेळी लोक खाली केबिनमध्ये झोपतात. शक्यतो झोप रात्रीच भरून घ्या.

केबिन आणि बोटीचा धक्का

सगळ्यात खालच्या मजल्यावरची केबिन स्वस्त असते, पण खिडकी पाण्याला टेकलेली आणि इंजिनाची घरघर रात्रभर. अगदी वरच्या मजल्यावर डोक्यावर डेकवरच्या खुर्च्या सरकत राहतात. मधला मजला मागून ठेवा.

अस्वान, लक्सॉरला बोटी एकमेकींना चिकटून उभ्या राहतात. काठावर उतरायला दोन-तीन बोटींच्या लॉबीतून चालत जावं लागतं, आणि तुमच्या खिडकीबाहेर नाइलऐवजी दुसऱ्याची खिडकी येते. पडदा ओढायला विसरू नका. याबद्दल टूर मॅनेजरशी भांडून उपयोग नाही, सगळ्यांचं तेच असतं. खरी गंमत पुढे आहे. तुम्ही मंदिर बघून येईपर्यंत बोट जागा बदलू शकते. 'तिसरी बोट आपली' या हिशोबाने परतलेला माणूस अनोळखी रिसेप्शनवर चावी मागत उभा राहतो. बोटीचं नाव पाठ हवं आणि रिसेप्शनवर मिळणारं कार्ड खिशात. शिवाय स्थानिक गाइडचा नंबर फोनमध्ये असू द्या. नुसता आपल्या टूर मॅनेजरचा असून भागत नाही.

एदफूला बोटीपासून मंदिरापर्यंत टांगे असतात. भाडं बहुतेक वेळा गाइडने दिलेलं असतं, तरी टांगेवाला घोड्याच्या चाऱ्याचे म्हणून वेगळे मागतो. निघताना टांग्याचा नंबर फोटोत घ्या, कारण परतीला तोच टांगा धरायचा असतो आणि शंभर टांग्यांच्या त्या गोंधळात सगळे घोडे सारखेच दिसतात. टांगा नको असेल तर आदल्या रात्री सांगा, दुसऱ्या वाहनाची सोय होते.

'इजिप्शियन म्युझियम' म्हणजे नक्की कोणतं?

इथे जुनी माहिती सगळ्यात जास्त फसवते. कैरोत आता तीन मोठी संग्रहालयं आहेत. तहरीर चौकातलं १९०२ सालचं गुलाबी इमारतीतलं जुनं. फुस्तातमधलं नागरी संस्कृतीचं राष्ट्रीय संग्रहालय, जिथे रामसेस दुसरा धरून बावीस राजा-राण्यांच्या ममी एप्रिल २०२१ मध्ये वाजतगाजत मिरवणुकीने नेल्या. आणि गिझाला पिरॅमिडजवळ नोव्हेंबर २०२५ मध्ये रीतसर खुलं झालेलं ग्रँड इजिप्शियन म्युझियम. तुतनखामन या फॅरोचा सोन्याचा मुखवटा आणि त्याच्या थडग्यातला खजिना आता इथे आहे.

माहितीपत्रकात नुसतं 'म्युझियम भेट' असेल तर कोणतं ते विचारा. मुखवटा बघायला म्हणून गेलात आणि तहरीरला उतरवलं, तर तिथे भांडून तो दिसणार नाही. ग्रँड म्युझियमला दीड तास दिला असेल तर तो वाढवून मागा. तेवढा वेळ नुसता भव्य जिना चढून तुतनखामनच्या दालनापर्यंत पोहोचण्यातच जातो.

तुतनखामनची ममी मात्र अजून लक्सॉरला, त्याच्या मूळ थडग्यातच आहे. त्यासाठी वेगळं तिकीट लागतं. व्हॅली ऑफ द किंग्जच्या साध्या तिकिटावर तीन थडगी बघता येतात, आणि गाइड आत येऊन माहिती सांगू शकत नाही. मग लोक बाहेर उन्हात भाषण ऐकतात आणि समोर दिसेल त्या रांगेत घुसतात. त्याऐवजी बसमध्येच गाइडला विचारा: आज कोणती उघडी आहेत, कोणत्यात रंग चांगले आहेत, कोणत्यात पायऱ्या कमी आहेत? गुडघ्यांचा त्रास असेल तर रामसेस चौथ्याचं थडगं सोयीचं. मेरेनप्ताहचं खूप खोल उतरतं. तुतनखामनचं थडगं आकाराने लहान आहे. तिथे जायचं ते नावासाठी, चित्रांसाठी रामसेस पाचवा-सहावा यांच्या थडग्याचं वेगळं तिकीट जास्त वसूल होतं.

गिझाच्या सगळ्यात मोठ्या, म्हणजे खुफूच्या पिरॅमिडच्या आत जाण्याबद्दलही विचार करून ठरवा. चढा बोगदा साधारण ३९ मीटर लांब आणि जेमतेम १.२ मीटर उंच आहे. कंबरेत वाकून चढायचं, समोरून उतरणारे लोक अंगावर, हवा कोंदट. वर पोहोचल्यावर ग्रॅनाइटची रिकामी खोली आणि झाकण नसलेली पेटी. ना चित्रं ना ममी. ज्यांना 'आत गेलो होतो' असं म्हणायचंय त्यांनी जरूर जावं. दमा, पाठदुखी किंवा बंद जागेची भीती असेल तर बाहेरून पिरॅमिड बघण्यात काहीही कमी होत नाही.

पैसे, टिप आणि उंट

मार्च २०२४ मध्ये इजिप्शियन पौंडाचा दर बाजारावर मोकळा सोडला आणि डॉलर ३१ पौंडांवरून एकदम पन्नाशीच्या आसपास गेला. त्याआधी जाऊन आलेल्या मावशींनी सांगितलेले दर विसरून जा. रुपये तिथे चालत नाहीत. कोऱ्या, न फाटलेल्या डॉलरच्या नोटा न्या आणि पोहोचल्या दिवशी थोडे पौंड सुट्टे करून घ्या. बऱ्याच स्मारकांच्या खिडकीवर रोख घेत नाहीत, कार्डच लागतं. आपल्याकडच्या नव्या कार्डांवर परदेशातला वापर मुळात बंद असतो. तो निघण्याआधी बँकेच्या ॲपमधून सुरू करा, नाहीतर सेटी पहिल्याच्या थडग्याच्या तिकिटासाठी सहप्रवाशाकडे उसने मागावे लागतात.

टिप तिथे सगळीकडे लागते. कंपनीने सुरुवातीला गोळा केलेल्या टिपमध्ये कोण कोण येतं ते विचारा: बोटीचे कर्मचारी, ड्रायव्हर, गाइड? स्वच्छतागृहाबाहेरचा माणूस कधीच त्यात नसतो, त्याच्यासाठी लहान नोटा वेगळ्या ठेवा. मंदिरात एखादा राखणदार दोरी उचलून 'या, या' म्हणाला तर ते फुकट नसतं हे समजून चाला.

गिझाला 'अमिताभ बच्चन!' अशी हाक आली की समजावं, उंटवाला आला. बच्चन तिथे खरोखरच लाडका आहे, पण हाकेचा उद्देश वेगळा आहे. उंटावर चढायचे पैसे कमी सांगतात, उतरायचे जास्त. चढण्याआधी 'किती वेळ, किती पौंड, एका माणसाचे की दोघांचे' हे गाइडसमोर ठरवा आणि पैसे खाली उतरल्यावरच द्या. कोणी डोक्याला रुमाल बांधून 'गिफ्ट' म्हणाला तर तो लगेच काढून परत करा.

एस्नाच्या लॉकपाशी (पाण्याची पातळी बदलून बोट पुढे सोडणारे दरवाजे) बोट थांबली की छोट्या होड्यांतले विक्रेते दोरीने बोटीला लटकतात आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले गलाबिया (पायघोळ झगे), टेबलक्लॉथ थेट डेकवर फेकतात. घ्यायचं नसेल तर पाकीट उघडू नका, तसंच खाली टाका. घ्यायचं असेल तर तिथेच माप बघा, होडी सुटली की अदलाबदल नाही.

औषधं

हे सगळ्यात गंभीर. गुडघेदुखी-कंबरदुखीसाठी आपल्याकडे दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांमध्ये ट्रामाडॉल हे अफूच्या वर्गातलं वेदनाशामक असतं. इजिप्तमध्ये त्यावर फार कडक निर्बंध आहेत. २०१७ मध्ये एका ब्रिटिश पर्यटक महिलेला अशा गोळ्या नेल्याबद्दल तीन वर्षांची शिक्षा झाली होती. गोळ्यांच्या पाकिटावरचे घटक वाचा. ट्रामाडॉल किंवा कोडीन दिसलं तर डॉक्टरांकडून पर्याय घ्या. बाकी औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट. ड्रोनही घरीच ठेवा, विमानतळावर जप्त होतो.

नळाचं पाणी पिऊ नका, बर्फही नको. पोट बिघडलं तर लाजून गप्प बसू नका. बोट एका जागी उभी असेल त्याच वेळी डॉक्टर बोलावणं सोपं असतं.

जेवण आणि खरेदी

'व्हेज' म्हटलं तरी सूपमध्ये कोंबडीचं पाणी असू शकतं, मुलुखिया या पालेभाजीच्या सूपमध्ये तर हमखास. विचारून घ्या. कोशरी (भात-मसूर-मॅकरोनी), फूल (शिजवलेले बाकला दाणे), तामिया (त्यांचेच तळलेले वडे) आणि बलदी भाकरी (गव्हाची स्थानिक रोटी) यांवर शाकाहारी माणसाचं छान निभतं. मसूर डाळीचं सूप आपल्या वरणाच्या बरंच जवळ जातं, त्यात लिंबू पिळा. जैन जेवण बुकिंगच्या वेळी लेखी कळवलं नसेल तर बोटीवर ऐनवेळी होत नाही.

पपायरस (लव्हाळ्यापासूनचा कागद), अत्तर, अलाबास्टर (मऊ पांढरट दगड) यांच्या दुकानांत बस थांबणारच, ते टूरच्या हिशोबात धरलेलं असतं. घ्यायलाच हवं असं नाही. पपायरस उजेडासमोर धरा, आडव्या-उभ्या पट्ट्यांची जाळी दिसली पाहिजे. स्वस्तात विकतात ते बहुधा केळीच्या पानांचं असतं आणि दुमडलं की तडकतं. मसाल्यांसाठी अस्वानचा बाजार चांगला. जास्वंदाच्या जातीतल्या लाल अंबाडीची वाळवलेली बोंडं, म्हणजे करकदे, बिनधास्त घ्या. ढिगाने, किलोच्या भावात विकायला ठेवलेलं केशर मात्र घेऊ नका. ती करडईची फुलं असतात, आणि करडई घ्यायला सोलापूर सोडून अस्वानला जायची गरज नाही.