व्हिएतनामचं युद्ध समजून घ्यायचं तर सुरुवात कुठून करायची

आमच्याकडं लातूरला अभ्यासिकेत नवीन बॅच आली की एक प्रश्न ठरलेला असतो, "सर, अमेरिका एवढी मोठी, मग व्हिएतनाममध्ये हरली कशी?" मी म्हणतो हा प्रश्न शेवटी विचारा रे, आधी हे बघा की तिथली माणसं आपसात कशापायी लढायली होती आणि त्यात अमेरिका शिरलीच का. नोट्समध्ये बहुतेक वेळा १९६५ पासून सुरुवात असते, सैन्य उतरलं, बॉम्ब पडले, १९७५ ला संपलं. एवढंच पाठ करून गेलात तर पेपरात प्रश्न थोडा जरी फिरवला तरी लिहायला काही उरत नाही.

तर पहिलं काम, ॲटलास उघडा आणि पट्टी घ्या. अंबाजोगाईवर पट्टी आडवी ठेवून सरळ पूर्वेला सरकत जा, बंगालचा उपसागर ओलांडा, पट्टी व्हिएतनाममध्ये विन्ह शहराजवळ येते आणि त्याच भागातल्या एका गावात व्हिएतनामचे कम्युनिस्ट नेते हो ची मिन्ह जन्मले. हनोई जवळपास नागपूरच्या रेषेत आणि सायगाव, म्हणजे दक्षिणेची तेव्हाची राजधानी, तामिळनाडूतल्या तिरुचिरापल्लीच्या रेषेत. आता वहीत नकाशा काढा. तिथले लोक आपल्या देशाला कावडीची उपमा देतात, वर लाल नदीच्या भाताची एक टोपली, खाली मेकाँगच्या भाताची दुसरी आणि मधी डोंगर न समुद्राच्या बेचक्यातली बारीक काठी, जी एका ठिकाणी जेमतेम पन्नास किलोमीटर रुंद आहे. या काठीवर १७ व्या अक्षांशाची रेघ मारा. तिच्या पश्चिमेला लाओस, खाली कंबोडिया, तिथनं ठिपक्याठिपक्यानं वाट काढा, ती हो ची मिन्ह ट्रेल, उत्तरेचं सामान दक्षिणेत पोचवणारी. नकाशा छापील चिकटवू नका, हातानं काढा, कारण लाओस आणि कंबोडियावर बॉम्ब का पडले हे हात फिरताना आपोआप कळतं.

दुसरं काम, १९४५ ते १९५६ ही अकरा वर्षं नीट वाचा, माझ्या मते अर्धं उत्तर इथंच आहे. २ सप्टेंबर १९४५ ला हनोईत हो ची मिन्ह यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं आणि भाषणाची सुरुवात केली ती अमेरिकेच्याच स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातल्या ओळीनं. आधी राज्य करणारे फ्रेंच परत आले, हो ची मिन्ह यांच्या व्हिएतमिन्ह संघटनेशी त्यांची लढाई झाली, फ्रेंचांच्या खर्चाचा मोठा भार अमेरिकेनं उचलला, तरी मे १९५४ मध्ये दिएन बिएन फू इथं फ्रेंच हरले. मग जिनिव्हा करार, ती १७ अक्षांशाची रेघ तात्पुरती म्हणून आखली गेली, वर हो ची मिन्ह यांचं कम्युनिस्ट सरकार, खाली वेगळं कम्युनिस्टविरोधी सरकार, आणि १९५६ ला दोन्हीकडं मिळून निवडणूक घ्यायचं ठरलं. ती झालीच नाही. दक्षिणेतले सरकारप्रमुख न्गो दिन्ह दिएम यांनी नकार दिला, अमेरिका त्यांच्या पाठीशी राहिली, भीती ही की मतं घेतली तर हो ची मिन्ह निवडून येतील. आणि हे मात्र लिहायला विसरू नका की करारावर देखरेख करणाऱ्या आयोगाचा अध्यक्ष भारत होता, सोबत कॅनडा आणि पोलंड.

तिसरं, जमीन. मराठवाड्यातल्या लेकराला हे फार समजावून सांगावं लागत नाही, निजामाच्या राज्यात कसणारा कोण आणि सातबारा कोणाच्या नावावर हे घरातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं असतं, १९५० चा हैदराबाद कूळ कायदाही आपल्याला माहितीय. मेकाँगच्या खोऱ्यात असंच होतं. लढाईच्या काळात व्हिएतमिन्हनं पुष्कळ ठिकाणी कुळांना जमीन वाटली होती, दिएम सरकार आलं आणि जमीनदार खंड वसूल करायला परत आले, नवीन कायद्यात जमिनीची मर्यादा ठेवली ती १०० हेक्टर, म्हणजे जवळपास अडीचशे एकर. भात लावणाऱ्याला त्यातनं काय मिळणार? १९६० ला दक्षिणेत दिएम सरकारविरुद्ध लढणारी, कम्युनिस्टांच्या पुढाकाराची राष्ट्रीय मुक्ती आघाडी उभी राहिली तिला माणसं आणि धान्य कुठनं मिळालं ते इथं सापडतं. म्हणून याला फक्त अमेरिका विरुद्ध कम्युनिझम म्हणू नका, दक्षिणेतही सरकारच्या बाजूनं लढलेले लाखो व्हिएतनामी होते, एकाच घरातले दोन भाऊ दोन बाजूला असंही झालंय.

आता अमेरिकेचा शिरकाव. एक पान घ्या, डावीकडं साल, उजवीकडं सैनिक. १९६० ला सुमारे ९०० सल्लागार, १९६३ अखेर १६ हजार, १९६५ अखेर एक लाख ८४ हजार, एप्रिल १९६९ ला पाच लाख ४३ हजार. मग दोन आकड्यांच्या मधी काय घडलं ते भरा. १९६३ मध्ये बौद्ध भिक्खू थिच क्वांग डुक यांनी दिएम सरकारच्या बौद्धांवरच्या दडपशाहीविरुद्ध सायगावच्या चौकात स्वतःला जाळून घेतलं, नोव्हेंबरात लष्करी उठावात दिएम मारले गेले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनचं आखात. तिथं उत्तरेनं अमेरिकी जहाजांवर दोन हल्ले केल्याचं सांगितलं गेलं, दुसरा झालाच नव्हता, पण त्यावर अमेरिकी संसदेत ठराव आला, एका सभागृहात ४१६ विरुद्ध शून्य आणि दुसऱ्यात ८८ विरुद्ध २, अध्यक्ष जॉन्सनना मोकळीक मिळाली. मार्च १९६५ ला दा नांगच्या किनाऱ्यावर मरीन उतरले.

१९६८ ला थांबा. जानेवारीअखेर तेत, म्हणजे त्यांचा नववर्षाचा सण, त्या वेळी उत्तरेच्या सैन्यानं आणि मुक्ती आघाडीनं दक्षिणेत शंभरावर शहरा-गावांत एकदम हल्ले केले. लष्करीदृष्ट्या हल्ला मोडून काढला गेला, पण जिंकत आलोय असं ऐकत आलेल्या अमेरिकन घरांचा विश्वास गेला, ३१ मार्चला जॉन्सननी पुन्हा निवडणूक लढणार नाही म्हणून सांगितलं. त्याच मार्चच्या १६ तारखेला दक्षिणेतलं माय लाय गाव. अमेरिकी सैनिकांनी बायका, म्हातारे, तान्ही लेकरं मारली, व्हिएतनामच्या नोंदीत ५०४ नावं आहेत. बाहेर यायला दीड वर्ष लागलं आणि शिक्षा झाली एकट्या लेफ्टनंट कॅलीला. हे दोन ओळीत उरकू नका. आमच्या वर्गात मी ही तारीख फळ्यावर लिहितो न थोडा वेळ गप्प बसतो, लेकरं पण बसतात.

पुढचं पटकन होतं, जॉन्सननंतरचे अध्यक्ष निक्सन, सैन्यमाघार, १९७० ला कंबोडियात घुसणं, त्याविरुद्धच्या निदर्शनात अमेरिकेतल्या केंट स्टेट विद्यापीठात चार विद्यार्थी ठार, जानेवारी १९७३ चा पॅरिसमधला शांतता करार, ३० एप्रिल १९७५ ला सायगाव उत्तरेच्या सैन्यापुढं पडलं. इथं एक चूक सगळेच करतात, अमेरिकेचं लढणारं सैन्य मार्च १९७३ ला निघालेलं होतं, १९७५ ला नाही.

मेलेल्यांचा आकडा लिहिताना ५८ हजार अमेरिकन लिहून थांबू नका, व्हिएतनाम सरकारनं १९९५ ला सांगितलेला आकडा ११ लाख लढणारे आणि २० लाख साधी माणसं असा आहे, आणि त्या ११ लाखात दक्षिणेच्या सरकारचे सैनिक धरलेले नाहीत. तीन ओळी, तिन्ही लिहा.

एवढं झालं की मग तो पहिला प्रश्न घ्या, हरली कशी, आणि वही न बघता अडीचशे शब्दांत लिहा. रविवारी सकाळी घेऊन या, नकाशासकट, मी बसून तपासतो.